ऑर्गन दुरुस्त होईपर्यंत

त्या सकाळी तिसरीच्या वर्गात पूर आला. बोलावून आणला होता खुद्द बाईंनीच.

बाई म्हणजे वयाने तशी कालपरवाची पोर. घरी तिला अजून सगळे धाकटीच म्हणत. शाळेत मात्र तिचं नाव पडलं होतं पसाराबाई. तेही पाठीमागे, आणि तेही प्रेमानेच. मुलांच्या हाताला काही लागल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही, असं तिचं ठाम मत होतं. बेरीज शिकवायची तर टेबलभर बिया, डोंगर-दऱ्या शिकवायच्या तर परातभर कणीक. आणि आज तर पवित्र शास्त्राचा तास! खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर घर बांधणारा मूर्ख, ही दाखल्याची गोष्ट. मग काय, दोन मोठे ट्रे आले. एकात दगड, एकात वाळू, आणि त्यांच्यावर काड्यापेट्यांची दोन टुमदार घरं.

"आता पाऊस!" ती म्हणाली.

खरं तर एक तांब्या पुरला असता. पण मागच्या बाकावरच्या मंडळींनी आधीच बादली भरून आणली होती, आणि बाईंनी 'पाऊस' म्हणायची खोटी... अख्खी बादली उपडी झाली. वाळूवरचं घर पडलं, ते तर पडणारच होतं. पण पाठोपाठ खडकावरचं घरही ट्रेसकट जमिनीवर आलं.

"बाई, शहाण्याचं पण पडलं!"

तिला हसू आवरेना. पायपुसणी, फडकी, जे हाती येईल ते घेऊन ती मुलांबरोबर गुडघ्यांवर बसून पाणी टिपू लागली. जमीन जुन्या लाकडी फळ्यांची होती. फळ्यांच्या फटींतून पाणी कुठे चाललंय, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. दारात एक अनोळखी माणूस उभा होता. केस ओले, शर्टाचा एक खांदा ओला, हातात बारीकसा ब्रश. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब पडू की नको करत लटकत होता.

"माफ करा..." तो अगदी शांतपणे म्हणाला. "खाली पाऊस पडतोय. वर कुणाचं घर वाहून गेलंय का?"

"दोघांचं!" अख्खा वर्ग ओरडला.

तो हसला. थेंब पडला. आणि हातात पिळलेलं फडकं घेऊन जमिनीवर बसलेल्या तिला, का कोण जाणे, एकदम आपल्या विस्कटलेल्या केसांची आठवण झाली.

मधल्या सुट्टीत ती खाली गेली, तेव्हा तिचं हसू विरलं. वर्गाच्या बरोबर खाली संगीताची खोली होती, आणि तिथे शाळेचा जुना, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन सगळा उघडून ठेवला होता. आवाज काढणारे पितळेचे बोटभर तुकडे, म्हणजे सूर, एका पांढऱ्या कापडावर ओळीने मांडले होते. तो माणूस ऑर्गन दुरुस्त करायला दुसऱ्या गावाहून आला होता. कालच आला होता. आणि ऑर्गनच्या भात्याचं चामडं चिंब भिजून लोंबत होतं.

"हे... बदलायचंच होतं ना?" तिने आशेने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण आता बदलायचंय."

त्याने ते रागाने म्हटलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो चामडं पालथं करून बघत होता, एखाद्या मुलाचं खरचटलेलं कोपर बघावं तसं.

"मी सिस्टरांना सांगते, चूक माझी आहे."

"मी सांगणार होतो, छत गळतंय म्हणून."

"छान! आणि मी वर जाऊन मुलांना खरं बोलायला शिकवू?"

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिच्याकडे. "बरोबर आहे," तो म्हणाला. "सांगा तुम्ही."

मुख्याध्यापिका सिस्टर मनाने प्रेमळ होत्या, पण निर्णयाच्या पक्क्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, "ऑर्गन पुन्हा वाजेपर्यंत तिसरीच्या वर्गात पाणी नाही, वाळू नाही, माती नाही. फळा आणि खडू. कळलं?"

कळलं. मुलांनाही कळलं. पुढचा दाखला मोहरीच्या दाण्याचा होता, आणि प्रत्येकाला आपापल्या पेल्यात माती घालून दाणा पेरायचा होता. आता तो दाणा फळ्यावर काढलेला. पांढऱ्या खडूचा एक ठिपका. मुलं त्या ठिपक्याकडे बघून जांभया देत.

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बाह्या सरसावून संगीताच्या खोलीत हजर झाली.

"मला काहीतरी काम द्या. लवकर झालं पाहिजे हे."

"इतकी घाई?"

"आहे थोडी," ती म्हणाली. सिस्टरांच्या अटीबद्दल बोलली नाही. आपल्यामुळे मुलांचं अडलंय असं वाटून त्याला उगाच ओझं व्हायचं.

त्याने तिला एक सूर दिला आणि ब्रश दिला. "पितळेची ही जीभ आहे ना, तिच्याखालची धूळ काढायची. हलक्या हाताने. मग फुंकून बघायचं."

तिने धूळ काढली आणि फुंकलं. तो चिमुकला पितळेचा तुकडा एकदम बारीक आवाजात बोलला, आणि ती दचकली.

"बोलला!"

"बोलणारच. विचारायची पद्धत नीट असली की बोलतात."

"माणसंही?"

"माणसांचा मला अनुभव नाही फारसा," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की ती खाली. गरम सरसाचा उग्र वास, नव्या चामड्याचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. तो चामडं कापायचा, ती धरायची. सरस वाळेपर्यंत भात्याच्या घड्या दाबून ठेवाव्या लागत, दोघांनी दोन बाजूंनी. बोटं जवळजवळ येत... आणि कुणीच हलवत नसे, कारण सरस वाळायचा असे.

"तुम्ही फार सावकाश काम करता," ती एकदा म्हणाली.

"तुम्ही फार बघता."

"मी कामाकडे बघते!"

"हो का? काम इथे आहे." त्याने आपल्या हातांकडे बोट दाखवलं. "माझ्या नाकावर नाही."

ती इतकी हसली की घडी सुटली. पुन्हा लावावी लागली.

तो आपलं सांगायचा. हे काम त्याच्या वडिलांचं. वडील गेल्यावर त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि तेव्हापासून गावोगावची चर्चं, गावोगावच्या शाळा. एक ऑर्गन झाला की पुढचा. ती आपलं सांगायची, दादा-वहिनींचं, वर्गातल्या पोरांचं. कणकेचे डोंगर करायला सांगितले तर कुणी ते कच्चेच खाल्ले, त्याचं. तो हातातलं काम थांबवून ऐकायचा. असं ऐकणारं तिला फार दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"काय गं धाकटे," एका संध्याकाळी वहिनी म्हणाली, "तुझ्या ओढणीला सरसाचा वास येतोय."

"शाळेत काम असतं गं वहिनी."

"तिसरीला सरस लागलाय का अभ्यासाला?"

"वहिनी!"

"मी आपलं विचारलं," वहिनी म्हणाली आणि भाजी चिरता चिरता गुणगुणू लागली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, 'किती राहिलं?' असं आज आपण त्याला विचारलंच नाही. कालही नव्हतं विचारलं. आणि अटीबद्दल अजून सांगितलेलं नाही, त्याचं कारणही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. ऑर्गन झाला की मुलांना माती मिळणार होती. ऑर्गन झाला की तो जाणार होता. फळ्यासमोर जांभया देणारी आपली पोरं तिला आठवली आणि मनातल्या मनात ती चांगलीच खजील झाली. तरी उद्या ऑर्गन होऊ नये, असंच वाटत राहिलं.

शुक्रवारी ती घरी निघाली तेव्हा निम्मे सूर अजून कापडावरच होते. आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा झाली, मुलं रांगेत उभी राहिली, आणि खालून... भरदार, गोल, अख्खी इमारत भरून टाकणारा आवाज आला.

"बाई, झाला! झाला! आता चिखल!"

मुलं नाचायला लागली. तीही हसली. पण रांग सरळ करताना ती पुन्हा पुन्हा जिन्याकडे बघत होती.

प्रार्थनेनंतर सिस्टर स्वतः वर्गात आल्या. "घ्या तुमची माती," त्या म्हणाल्या. "बादली मात्र नको. चमचा वापरा."

पेले वाटले, माती भिजवली. प्रत्येकाच्या तळहातावर मोहरीचा एकेक दाणा. "इतकासा?" म्हणून मुलं डोळे विस्फारून बघत होती, फुंकर लागू नये म्हणून श्वास रोखून धरत होती. वर्ग कसा भरल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. हत्यारांची पेटी हातात घेऊन तो अंगण ओलांडून फाटकाकडे चालला होता.

"दाणा पेरा, वर माती लोटा, आणि कुणी जागचं हलायचं नाही!" शेजारच्या वर्गातल्या बाईंना "जरा बघता का?" असं ओरडून सांगत ती जिना उतरली. पायऱ्या पायाला लागल्याच नाहीत.

"न सांगता निघालात?"

तो वळला. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. कपाळावरही.

"सांगायला वर दारापर्यंत आलो होतो," तो म्हणाला. "पण मुलं दाणे हातात घेऊन बसली होती. मध्येच कसं यायचं?"

"शुक्रवारी तर निम्मे सूर बाहेर होते. एकदम झाला कसा?"

"शनिवारी दिवसभर बसलो." तो जरा थांबला. "शुक्रवारी मधल्या सुट्टीत तुमचा अख्खा वर्ग खाली आला होता. रांगेत! म्हणाले, काका, तुम्ही ऑर्गन करत नाही म्हणून आम्हाला चिखल मिळत नाही. मला हे ठाऊकच नव्हतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुम्ही घाई केली असती."

"मग घाईच तर हवी होती ना तुम्हाला?"

"आधी... हो."

"आणि नंतर?"

तिने हातावरचा चिखल खरवडायला सुरुवात केली. तो काही निघेना.

"नंतर नको होती," ती हळूच म्हणाली.

त्याने हातातली पेटी खाली ठेवली.

"तो भाता मी दोनदा चिकटवला, आठवतंय?"

"हो. पहिल्यांदा कुठेतरी वारा निसटत होता म्हणालात."

"कुठेच निसटत नव्हता. पहिल्यांदाच छान बसला होता."

आणि मग दोघंही असे हसले, की फाटकापाशी झाडणारा शिपाई झाडू थांबवून बघू लागला.

"मी आजवर जिथे काही बिघडलंय तिथेच गेलोय," तो म्हणाला. "दुरुस्त झालं की माझं काम संपतं. काही बिघडलेलं नसताना कुणाकडे कसं जायचं, ते मला... येत नाही."

"सोपं आहे," ती म्हणाली. "रविवारी उपासना झाली की आमच्याकडे यायचं. ती पेटी न घेता."

तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. दादाने त्याला चार प्रश्न विचारले, त्याची चार उत्तरं मिळाली आणि प्रश्न संपले. हात कुठे ठेवावेत हे पाहुण्याला कळत नाहीये, हे वहिनीने बरोबर हेरलं. तिने मटारच्या शेंगांची टोपली आणून त्याच्या पुढ्यात ठेवली, धाकटीला समोर बसवलं आणि "अहो, जरा आत या, फळीवरचा डबा काढून द्या," म्हणून दादालाही उठवून नेलं.

शेंगा सोलायचा टकटक आवाज होत राहिला. त्याची बोटं आता निवांत झाली होती.

"एक आधीच सांगितलेलं बरं," तो खाली बघूनच म्हणाला. "महिन्यातला निम्मा वेळ मी बाहेरगावी असतो. कामच तसं आहे."

"आणि उरलेला निम्मा?"

"तेच विचारायला आलोय." त्याने मान वर केली. कान पार लाल झाले होते. "उरलेला निम्मा... आणि बाहेरगावचाही, तुमच्या शाळेला सुट्ट्या असतील तेव्हा... म्हणजे आयुष्यभर... चालेल?"

तिच्या हातातली शेंग उघडली आणि दाणे घरंगळत जमिनीवर गेले. तिने ते उचलले नाहीत.

"चालेल?" ती म्हणाली. "पळेल!"

आतल्या खोलीत दादाला एकाएकी जोराचा खोकला आला.

"खोकताय काय," वहिनीचा आवाज आला, "बाहेर चला. ठरलंय त्यांचं."