रिजवान मिस्त्री गाडीखाली गेला ती रात

ए रजत, तो मोबाइल उलटा ठेव. आयकाचं असन तं आयक, नाही तं घरी जाऊन झोप बाप्पा.

पांढरकवड्याचा रिजवान मिस्त्री माह्या वळखीचा. त्याचा मावसभाऊ जीशान त्याच्याच गॅरेजात होता. तीन सालाआधी जॅक सरकला आन् ट्रक जीशानच्या छातीवर बसला. रिजवानच्या डोयासमोर. तवापासून रिजवान गाडीखाली जायेच ना. पाना हाती घेतला का फेकून देये. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं त्याले हळूहळू उभं केलं. आधी नुसता पाना धरायले लावला, मंग गाडीजवळ वाकायले. "आता एकडाव खाली जा," म्हणे, "नाही तं हे भेव जलमभर सुटत नाही."

मागच्या डिसेंबरातली चौदा तारीख, आयतवार, रातचे पावणेनऊ. करंजीच्या रस्त्यावर एक ट्रक बंद पडलता. ड्रायव्हर धाब्यावर च्या प्यायले गेलता. रिजवान एकटाच. जॅक लावला, बिस्मिल्ला म्हणलं, आन् सरकला खाली.

पयला नट ढिला झाला. गडी असा खूष झाला का काय सांगू!

मंग बाजूले कोनीतरी दम घेतला...

टॉर्च फिरवला. जीशान. उताणा. छाती चेपलेली. फासोया बाहीर.

त्यानं रिजवानचं नरडं धरलं. डोकं डांबरावर आपटलं. एकडाव. दोनडाव. कानातून रगत. वर ट्रक करकरला. खाली याले लागला.

"सांग..."

रिजवानचे दोन दातं पडले. तरी सोडे ना.

"सांग..."

तवा रिजवान बोंबलला, "जॅक उगाच नाही सरकला रे भाई! चाकाले दगडच नव्हता लावला मी! घाई होती मले... साऱ्याइले खोटं सांगतलं... माहीच चूक!"

हात सुटला. ट्रक जागीच थांबला. खाली कोनीच नाही.

रिजवान आता दिवसाले चार गाड्या करते, खाली पडल्या पडल्या गाने म्हनते. त्याचं भेव गेलं. माह्या अंगावर काटा येते तो जैबुनबीच्या गोष्टीनं. जैबुनबी म्हंजे जीशानची माय, रिजवानची मावशी; खाला म्हणे तो तिले. त्याच राती, रगतानं भरलेला, रिजवान तिच्या दारात गेला. तीन सालात तिले तोंड दाखवलं नव्हतं त्यानं. तो बोलाच्या आधीच बुढी म्हणे, "मालूम हाय बेटा. आत ये. रगत पुसू दे."

लेकरावानी रडला तो. मंग धसकला. "कोनं सांगतलं, खाला?"



बुढीनं मांडीवरची पांढरी ओढनी फक्त उजेडात धरली. कोनी डोकं टेकवल्यावानी गोल डाग होता. काळ्या ऑइलचा. वल्ला.