शफाचं एकविसावं वाक्य

ही घडलेली गोष्ट आहे. पटो न पटो. पूर्णिमाबाई आजही कतारमध्ये, लुसैलला मुलाकडेच राहतात. कुणीही जाऊन विचारावं.

फक्त शुक्रवारी दुपारी चार वाजता जाऊ नये.

बाई मूळच्या नाशिकच्या. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त होऊन कतारला आल्या. रिकामं बसणं जमेना, म्हणून शुक्रवारी सकाळी इमारतीतल्या मुलांना मराठी शिकवू लागल्या.

तिथूनच त्या ‘बोलकी पाटी’च्या कामाला लागल्या. अंध मुलांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. कुणा कंपनीचा नाही, गावच्या विहिरीसारखा. पाणी सगळ्यांना फुकट, पण गाळही सगळ्यांनी मिळून उपसायचा. त्याला उच्चार शिकवायला मुलांनी घरून टॅबवर एकेक वाक्य वाचून पाठवायचं. बाईंनी ते ऐकून दोनांतलं एक बटण दाबायचं. ‘बरोबर’ किंवा ‘पुन्हा’.

आवाज स्वच्छ हवा. म्हणून मुलं एसी बंद करून, कपड्यांच्या कपाटात बसून वाचत.

ही युक्ती बाईंचीच.

शफा नऊ वर्षांची. तिची आई रुकैया दापोलीची. गावची आजी फोनवर मराठीत बोलायची आणि शफा इंग्रजीत उत्तर द्यायची, म्हणून रुकैयाने तिला बाईंकडे आणून बसवलं. पोरगी हुशार, बोलघेवडी. छाती मात्र नाजूक. धूळ उडाली की धाप लागायची.

वीस वाक्यं तिने झकास वाचली. एकविसावं होतं, ‘समुद्रावरून गार वारा आला.’

त्यात श्वास ऐकू येत होता. बाईंनी ‘पुन्हा’ दाबलं.

“बाई, ब्रीदिंग तर येणारच ना,” शफा वर्गात म्हणाली. “मी काय फिश आहे?”

मुलं हसली. बाईही हसल्या.

“फिश नाहीस, चिमणी आहेस. पण चिमणीनेही नीट वाचायचं.”

तो जुलै होता. बाहेर धुळीचं वादळ. त्या दुपारी शफाने तेच वाक्य सात वेळा पाठवलं. सातही वेळा बाईंनी ‘पुन्हा’ दाबलं.

आठव्यांदा काही आलं नाही...

रुकैयाने कपाट उघडलं तेव्हा चार वाजले होते.

माती झाल्यावर रुकैया बाईंच्या गळ्यात पडली. तुम्ही तिला किती जीव लावलात, म्हणाली. सात वेळांचं बाईंनी सांगितलं नाही. शफाचा टॅब रुकैयाला घरात बघवेना, तो तिने बाईंना दिला. बाईंनी तो आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवला. बंद पडलेला.

चाळीस दिवस झाले. त्यानंतरच्या शुक्रवारी, चार वाजता, बाईंचा फोन वाजला...

एक वाक्य तपासायला आलं होतं.

नाव शफाचं.

“समुद्रावरून गार वारा आला.”

आवाज तिचाच. स्वच्छ. पण शब्दांच्या मधे काहीच नव्हतं. बाईंनी फोन कानाला लावून तीनदा ऐकलं...

श्वास नव्हता. सुरुवातीला नाही, शेवटीही नाही.

त्यांनी ‘बरोबर’ दाबलं.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता तेच वाक्य पुन्हा आलं.

असे पाच शुक्रवार गेले. दर वेळी बाईंनी ‘बरोबर’च दाबलं. शेवटी बाईंनी पुण्याला विजयला फोन केला. प्रोग्रामची देखरेख तो करतो. शफाच्या नावाचं ते वाक्य काढून टाक म्हणाल्या. तो बराच वेळ शोधत राहिला.

“बाई, जुलैनंतर त्या नावाने काहीच आलेलं नाही. पण...”

“पण काय?”

“तुम्ही दर शुक्रवारी तिला ‘पुन्हा’ पाठवताय. पाचही वेळा. इथे सगळ्यांना दिसतंय.”

सगळ्यांना, म्हणजे एक ना एक दिवस रुकैयालाही.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी तिला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. सातही वेळांचं. रुकैया रडली नाही.

“मी दोनदा हाक मारली होती बाई,” ती म्हणाली. “आतून म्हणाली, बाई बरोबर म्हणतील तेव्हाच बाहेर येईन.”

चार वाजले. फोन वाजला. रुकैयाच्या देखत बाईंनी ‘बरोबर’ दाबलं.

एसी बंद पडला...

खोलीत इतकी शांतता झाली, की कपाटातलं ऐकू आलं. वाक्य नव्हतं. नुसता श्वास... धापेचा.

रुकैयाने धावत जाऊन कपाट उघडलं.

आत साड्या होत्या. खाली टॅब, बंदच. त्याच्या काचेवर मात्र वाफ धरली होती. तोंड अगदी जवळ नेल्यावर धरते तेवढी.

बाईंनी कपाटाची दारं आता काढून टाकली आहेत. वाक्य अजून येतं. त्या दर शुक्रवारी ‘बरोबर’ दाबतात. मोठ्याने म्हणतातही.

विजयकडे अजून ‘पुन्हा’च दिसतं.