चिंच, विहीर, कुत्रं

भैरोबाची आण घेऊन सांगतो, ही गोष्ट खरी हाय. अक्षर न् अक्षर खरी. आता अक्षर न् अक्षर म्हणजे... बारा आणे तरी धरा. मी सोता तिथं नव्हतो. पण ज्याच्यावर आली तो अमृत, आमच्या शेजारच्या कुंडलिकचा पोरगा, कधी खोटं बोलत न्हाई. एकदाच बोलला व्हता, पोरगी बघायला गेला तवा. ते काय खोट्यात धरत न्हाईत.

हसू नको ऋषी. तुझं पंक्चर निघायला अजून टाईम हाय. सावळेराम ज्या हातानं चहा गाळतोय त्याच हातानं टूब घासतोय, त्यामुळं चहाला जरा सोल्युशनचा वास येईल. पिऊन घ्या. अन् पैज लावतो. गोष्ट संपल्यावर तुमी तिघं उठून गाडीवर बसून ओढ्यात उतरलात, तर चहा माझ्याकडून. बसून ऱ्हायलात तर तुमच्याकडून.

थांबा, हा टेम्पो जाऊ द्या. काय ऐकू येत न्हाई.

...गेला. एकच दिवा हाय बघा त्याचा. टमाट्याची क्रेटं, फाटकी ताडपत्री. ओढ्यात नीट उतरला म्हणजे मिळवली.

तर अमृत. हे पोरगं कार्टून काढायचं. कागदावर न्हाई, कंपूटरवर. पुण्यात कुठलं तरी ऑफिस बंद पडलं, तिथनं जुना कंपूटर आणला अन् कांद्याच्या चाळीत मांडला. गाव त्यालाच कार्टून म्हणायचं. तो चिडून सांगायचा, "ॲनिमेशन म्हणा." गाव म्हणायचं, "बरं, ॲनिमेशन. लगीन कधी?"

इंटरनेटवर ह्या लोकांच्या स्पर्धा व्हायच्या. कुठला कोण रशियाचा, कुठला ब्राझीलचा, अन् एक आमचा पिंपळवंडीचा. कुणी कंपनी न्हाई, मास्तर न्हाई, ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसून पिच्चर काढायचा अन् पाठवायचा. पहिल्या खेपेला अमृतनं एक म्हातारी काढली, डोक्यावर पाटी घेऊन चालणारी. परीक्षकानं लिहिलं, चालणं झकास, पण मागची झाडं तीच तीच येत्यात. आळशी काम.

आता ह्यातली मेख सांगतो. पिच्चरमधलं माणूस चालत नसतंय. ते जागच्या जागी पाय हलवतंय अन् मागचा पडदा सरकतोय. पडदा संपला की तोच परत लावायचा. झाड, घर, विहीर. झाड, घर, विहीर. त्याला रिपीट बॅकग्राउंड म्हणत्यात. सगळेच करत्यात. पण अमृतला तो आळशी शब्द लई लागला. बाप रोज म्हणायचा तवा न्हाई लागला, पण परक्यानं म्हणलं की लागतंय.

दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी उठला अन् म्हणला, "आता असा रस्ता काढतो, एक झाड दुसऱ्यांदा दिसलं तर मिशी उतरवीन."

मिशी अजून यायची व्हती. पण जिद्द बघा.

रस्ता हाच काढला. आपण बसलोय तो. पिंपळवंडीतनं निघायचं, ओढा ओलांडून आतल्या अंगानं आळेफाट्याला. एक म्हातारा ह्या रस्त्यानं घरी चाललाय, एवढीच गोष्ट. पण झाड न् झाड, खांब न् खांब येगळा. सायकलवर जाऊन एकेक बघून यायचा. कुशाबाईच्या दारात पपई हाय, तिथं अर्धा तास उभा. कुशाबाई बाहेर आली.

"काय रं मेल्या, काय बघतोस?"

"पपई बघतो, मावशी."

"इतकी वर्षं व्हती तवा न्हाई बघितली?"

"तवा ती पिच्चरमधी नव्हती."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कुशाबाईनं पपईच्या बुंध्याला चुना अन् गेरू लावलेला. पिच्चरमधी बरं दिसावं म्हणून. पोरानं पपई परत पहिल्यापासून काढली.

इकडं कुंडलिकनं सांगून ठेवलं व्हतं, "ही शेवटची खेप. ह्यात काय झालं न्हाई तर कंपूटर विकायचा अन् चाकणला कंपनीत जायाचं. तुझ्या मामानं बोलून ठेवलंय."

अमृत म्हणला, "जाईन. पण रस्ता पुरा केल्याबिगर पाय उचलायचो न्हाई."

२००६ साल. डिसेंबरची वीस तारीख, बुधवार. अमावस्या. त्या साली लाईट दिवसा नसायचीच. रातीला दहाला यायची, मोटारींसाठी. अख्खा गाव रातीला पाणी भरायचा अन् अमृत रातीला झाडं. स्पर्धावाले विलायतचे. त्यांच्याकडं रातीचे बारा वाजले की फाटक बंद. त्यांचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. पिच्चर पुरा झाला तवा दीड वाजला व्हता. गावात इंटरनेट न्हाई. आळेफाट्याला सयाजीचं सायबर कॅफे, तो दुकानातच झोपायचा. अमृतनं सीडी शर्टात घातली, बापाची लुना काढली.

मी तवा कांद्याला पाणी देत व्हतो. काठी न् बॅटरी घेऊन. भुतासाठी न्हाई राव, बिबट्यासाठी. आपल्या तालुक्यात बिबट्या झाल्यापासून भुतांना कोण इचारत न्हाई. अंधारात कोण दिसलं अन् ते भूत निघालं तर माणूस म्हणतंय, बरं झालं बाबा, मला वाटलं...

मी हाक मारली, "कुठं रं?"

"आळेफाट्याला. सीडी पाठवायचीय."

"अमावस्या हाय. सकाळी जा."

"सकाळी त्यांचं फाटक बंद."

"मंग हायवेनं जा. ओढ्याकडनं नको. तिथं चकवा हाय."

"हायवेला लांब पडतं, गेणभाऊ. पेट्रोल पुरायचं न्हाई."

मी म्हणलं, "ऐक. चकव्यात सापडलास तर पळू नको. चकवा मारत न्हाई, नुसता फिरवतो. त्याच त्या जागी आणून सोडतो. तवा गप खाली बसायचं. उजाडलं की आपोआप सोडतो."

पोरगं म्हणलं, "उजाडेपर्यंत बसलो तर मी चाकणलाच बसलो की!"

अन् गेलं.

ओढा ओलांडला. चढ चढला. डाव्या अंगाला मोठी चिंच. मंग विहीर, मोटारीच्या पिवळ्या खोलीची. मंग रस्त्याच्या कडंला एक पांढरं कुत्रं, मुटकुळं करून झोपलेलं. पोरगं पुढं गेलं.

चिंच. पिवळ्या खोलीची विहीर. पांढरं कुत्रं.

आता दुसरा कोण असता तर म्हणला असता, असतील दोन चिंचा. पण ह्यानं ह्या रस्त्याची झाडं तीन महिने काढली व्हती. विहिरीनंतर दोन बाभळी. मंग कुशाबाईची पपई. पपई कुठाय?

लुना दामटली.

चिंच. विहीर. कुत्रं.

थांबा... अजून एक टेम्पो. तोंडावर उजेड मारतंय लेकाचं.

...गेला. कुठं व्हतो?

हां. चिंच, विहीर, कुत्रं. किती खेपा झाल्या म्हायती न्हाई. लुना जड व्हायला लागली. मोटारींचा आवाज बंद. किडे बंद. थंडी अशी की दात वाजावेत... पण दातांचा बी आवाज येईना.

त्यानं लुना थांबवली.

कुत्र्याकडं बघितलं. पांढरं. झोपलेलं. जवळ गेला. वाकला.

कुत्र्याचं पोट हलत नव्हतं.

मेलेलं न्हाई. मेलेलं कुत्रं कसं दिसतं ते म्हायती हाय की. हे... काढलेलं व्हतं.

मागं कोण तरी उभं व्हतं.

घोंगडी. डोक्यावरनं खाली. तोंड न्हाई. पाय... पायांचं नका इचारू.

ते पुढं येईना. मागं जाईना. नुसतं उभं.

माणसानं काय करावं? खाली बसावं. नाव घ्यावं देवाचं. अमृत बसला का? न्हाई. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, अन् त्याच्या अंगाचा भडका उडाला.

तो म्हणला, "हे तूच केलंय व्हय?"

...

"चिंच, विहीर, कुत्रं. चिंच, विहीर, कुत्रं. तीनच? एवढा रस्ता पडलाय अन् तीन चित्रांवर माणूस फिरवतोस?"

घोंगडी हलली न्हाई.

"मला आळशी म्हणले म्हणून मी तीन महिने बोटं झिजवली. एक पपई दोनदा काढली. माझ्या बापाला तोंड दिलं. अन् तू? आज्याच्या काळापास्नं हेच दाखवतोस ना? आजा बी चिंचच सांगायचा! लाज न्हाई वाटत?"

...

"कुत्रं श्वास तरी घेतंय का बघ! कोण भिणार ह्याला? रिपीट बॅकग्राउंड लावून माझं फाटक बंद करतोस?"

अमृत सांगतो, घोंगडीची मान खाली गेली. जरा. परीक्षकाचा शेरा वाचताना त्याची सोताची गेली व्हती, तशी.

मंग पोरानं वर बघितलं. लाईटच्या तारांकडं. पडदा जिथं संपतो अन् परत सुरू व्हतो, तिथं सांधा असतो. चांगला कलाकार सांधा लपवतो. ह्याला लपवता आला नव्हता. कुत्र्याच्या पुढं तार हवेत तुटलेली. अन् हातभर वर दुसरी तार सुरू, चिंचेकडं जाणारी.

लुना ढकलत नेली तिथं. दिवा बंद केला. हात पुढं केला. हाताला काय तरी लागलं. ओलं गोणपाट लागावं तसं. सीडी छातीशी धरली, डोकं खाली घातलं, अन् शिरला.

अर्धा आत गेला असंल. मागनं आवाज आला. लई जुना. बरेच दिवस कुणाशी बोलला नसावा असा.

"...मंग कसं करू?"

पोराला घाई. मान न वळवता ओरडला, "झाड न् झाड येगळं काढ! अन् कुत्र्याचं पोट हलव!"

पलीकडं दोन बाभळी. मंग पपई, चुना अन् गेरू लावलेली. पोरगं म्हणतं, जन्मात कधी पपई बघून रडलो नव्हतो.

सयाजीचं शटर वाजवलं तवा पाच वाजले व्हते. आतनं सयाजी म्हणला, "कोण मेलं?"

"कुणी न्हाई. सीडी घे."

हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकत व्हती. सयाजी अन् अमृत, दोघं पडद्याकडं बघत. साडेपाचला जरा कमी असताना पट्टी भरली. पोचलं.

नंबर? नंबर न्हाई आला. नंबर रशियाच्या बाईचा आला. पण परीक्षकांनी एक बक्षीस नवीन काढलं, मागच्या पडद्यासाठी, अन् ते ह्याला दिलं. बक्षीस म्हणजे काळा टी-शर्ट. पोस्टमननं आणला. इतका मोठा की त्यात अमृत अन् लुना दोघं मावतील. कुंडलिकनं उलटासुलटा करून बघितला, म्हणला, "कापड बरं हाय." अजून औषध फवारताना तोच घालतो. चाकणचा विषय परत निघाला न्हाई. अमृत त्याच चाळीत बसतो, नवीन स्पर्धा आली की आमी कांदे बाजूला सरकवून देतो.

संपली गोष्ट.

काय म्हणतोस ऋषी? "ह्यात भ्यायचं काय हाय?" बरोबर हाय तुझं. सावळेराम बी म्हणतोय टूब बसवली. जा बाबांनो. चहा माझ्याकडून.

फक्त एक सांगायचं ऱ्हायलं.

त्या रातीनंतर ओढ्याकडं कुणाला चकवा लागला न्हाई. आधी म्हैन्याला एक तरी सापडायचा. तिसऱ्यांदा चिंच दिसली की माणूस ओळखायचा, खाली बसायचा, सकाळी घरी यायचा. आता कोणच सांगत न्हाई. लोक म्हणत्यात, गेला.

गेला?

मागच्या म्हैन्यात घाटघरचा बहिरू आला. आमच्याकडं कांदे काढायला येतो तो. आळेफाट्याला जीपमधनं उतरला रातीला नऊला. चालत निघाला. गावात पोचला तवा कोंबडं आरवत व्हतं. मी म्हणलं, चकवा लागला का? तो म्हणला, छ्या. एक झाड दुसऱ्यासारखं नव्हतं. आंबा, बाभळ, शेवगा, बोर... नुसता रस्ता लांब वाटला.

मी इचारलं, कुत्री दिसली का?

म्हणला, लई.

मी इचारलं, झोपलेली?

म्हणला, झोपलेली. पण सगळ्यांची पोटं हलत व्हती.

...

झाडं जमली त्याला. कुत्री जमली. फक्त गाड्यांचं अमृतनं काय सांगितलं नव्हतं.

थांबा...

...

...गेला.

एकच दिवा. टमाट्याची क्रेटं. फाटकी ताडपत्री.

ऋषी, हा कुठं गेला?

ओढ्याकडं. बरोबर. अन् मघाशी?

अन् त्याच्या आधी?

मधी कुणी तो माघारी येताना बघितला का? सावळेराम, तू? न्हाई?

...

किल्ली खिशात ठेव ऋषी. बस खाली. तुमी दोघं बी बसा.

सावळेराम, अजून पाच चहा टाक. उजाडायला टाईम हाय. पैसे ऋषी देईल.