शेजारचा टॉन्सिल

शरणपूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये प्रत्येक काचेवर रुग्णाच्या तुकड्याशेजारी माझा टॉन्सिल असायचा. यात हसण्यासारखं काही नाही. रंग नीट चढला की नाही हे कळायला शेजारी एक खात्रीचा तुकडा लावावाच लागतो, आणि टॉन्सिलमध्ये टी पेशी, म्हणजे शरीराचे राखणदार, खच्चून भरलेल्या असतात. रंगवल्यावर तेवढ्या तपकिरी होतात, बाकी सगळं निळं. ९८ साली माझं ऑपरेशन झालं तेव्हा टॉन्सिल फेकून कशाला द्यायचे, म्हणून मी ते मेणात घालून ठेवले. रक्त तपासणारा निसार म्हणायचा, "वाल्मीकभाई, अख्ख्या जिल्ह्याला गळा वाटला तुम्ही."

२००३च्या मार्चमध्ये पिंपळगावहून मंजुषाताईच्या मांडीतल्या गाठीचा तुकडा आला. ताई माझी सख्खी बहीण, तिथे द्राक्षं पॅक करते. तुकडा रंगवून मी फलक मॅडमना दाखवला. त्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट, उगाच धीर देत नाहीत.

"कॅन्सर आहे. आणि गाठीत एकही टी पेशी नाही, वाल्मीक. शरीर लढतच नाहीये."

मला रडू आलं. तरी सवयीने टॉन्सिलही पाहिला. एरवी सगळीकडे दिसणाऱ्या तपकिरी पेशी आज फक्त खालच्या कडेला दाटल्या होत्या. खाली ताईचा तुकडा होता.

रंगवताना काही चुकलं असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी नवे काप घेतले. या वेळी टॉन्सिल खाली लावला, ताईचा तुकडा वर.

पेशी वरच्या कडेला होत्या. पाच वर्षं मेणात पडलेल्या पेशी.

तोच टॉन्सिल दुसऱ्या एका रुग्णाशेजारी लावला. तिथे सगळं नेहमीसारखं.

तिसऱ्या दिवशी ताईच्या काचेवर टॉन्सिल नुसता निळा निघाला. तिच्या तुकड्यात मात्र तपकिरी ठिपक्यांची गर्दी होती.

"काचांची अदलाबदल केलीस," मॅडम म्हणाल्या.

काचेवरचे नंबर मी स्वतः कोरतो.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. "वाल्मीक, गाठ हाताला लागतच नाय रे. डॉक्टरबी लय चक्रावलाय."

मी लॅबमध्ये पेढे वाटले. अंगात दोन दिवस कणकण होती, म्हणून निसारने बळेच माझं रक्त घेतलं.

रिपोर्ट द्यायला तो स्वतः आला, पण बसला नाही.

"मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल, भाई. मी डोळ्यांनी पण मोजलं. तीनदा."

टी पेशी ज्या रकान्यात मोजतात, तिथे त्याने शून्य लिहिलं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं, खोडता यावं म्हणून.