कबूल न केलेला उसासा

शिवणकामाच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला एक माणूस कान लावून उभा होता. भुरभुरत्या पावसात, डोळे मिटून!

टाचणी हातातल्या कात्रीसकट बाहेर आली. तिला टाचणी म्हणायचे ते काही उगाच नाही. शिवायची नाजूक आणि बोलायची टोचून.

"भिंतीलाही कान असतात हे ऐकलं होतं. भिंतीला कान लावणारे आजच पाहिले."

तो दचकला. केसांतलं पाणी झटकत म्हणाला, "तुमच्या आत्यांनी बोलावलंय. रेडिओ दुरुस्त करतो मी... आणि कुणी बोलावलं तर भूत शोधतो."

"सापडलं की काय करता?"

"नमस्कार करायचं ठरवलंय. अजून वेळ आली नाही."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. कारण या भूतवाल्याला तिने कालच घरांच्या दलालाशी खिदळताना पाहिलं होतं. बाबा, म्हणजे सगळ्यांचे शिंपी मास्तर, गेल्यापासून तो दलाल "दुकान विका" म्हणून हात धुऊन मागे लागला होता. त्यात महिनाभर वरच्या खोलीत रोज संध्याकाळी पावलं वाजत होती. गिऱ्हाईकं अर्धं माप देऊन पळत. 'मास्तर अजून फिरतात' असा सगळीकडे बोभाटा! आता याने 'आहे भूत' म्हटलं की दुकानाला कुलूप, आणि दलालाचं फावलं.

"या की वर," ती गोड आवाजात म्हणाली. मनात म्हणाली, बघतेच तुझ्याकडे.

पण तो लगेच वर जाईना. आधी जिन्याच्या पायऱ्या दाबून पाहिल्या, एक उघडी वायर गुंडाळली. शेजारच्या बेकरीवाल्याला सांगून आला, आम्ही वर बसतोय, घाबरू नका. मग आत्याला हात देऊन वर आणलं आणि बाबांच्या कापायच्या टेबलापाशी उभा राहिला.

"मास्तर, तुमच्या खोलीत आलोय. काही हलवणार नाही. नको असेल तर सांगा, निघून जाऊ."

टाचणीचेही हात नकळत जोडले गेले. मग तिला स्वतःचाच राग आला. नाटकी मेला!

"एक नियम," त्याने आवाज टिपायची टेप सुरू करताना सांगितलं. "ज्याचा आवाज होईल त्याने लगेच 'मी' म्हणायचं. नाहीतर आपलंच गुरगुरणारं पोट भूत म्हणून खपतं."

"माझे तर गुडघे वाजतात रे," आत्या म्हणाली.

"दर वेळी सांगा."

मग काय, आत्याचं "मी... मी..." सुरूच राहिलं. त्याची खुर्ची करकरली, "मी." टाचणीची बांगडी वाजली, "मी."

आणि मग — ठक... ठक... भिंतीकडून खिडकीकडे.

तिने त्याची बाही घट्ट धरली. तो खाली वाकला, त्याने जमिनीच्या लाकडी फळीवर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "हात देता?"

तिने दिला. त्याने तो फळीवर टेकवला. फळी कोमट होती... वर ठेवलेला त्याचा तळवाही.

"बेकरीची नवी भट्टी याच भिंतीला लागून आहे ना? आत्ता विझवली त्यांनी. भिंत निवते तशा फळ्या आकसतात, एकामागून एक."

भट्टी महिन्यापूर्वीच बांधली होती. दुकान वाचलं होतं! तरी तिचे डोळे भरून आले. रोज संध्याकाळी ती त्या पावलांना भ्यायची, आणि त्यांची वाटही बघायची.

"म्हणजे बाबा नाहीत इथे," ती म्हणाली.

"पावलं फळ्यांची आहेत एवढंच मी म्हणालो. बाकीचं माझ्या टेपला कळत नाही."

खाली येऊन त्याने टेप परत लावली. "मी... मी..." ठक, ठक... आणि मध्येच एक लांब उसासा. पुढे 'मी' नाही.

टाचणी ताडकन उठली. "हेच हवं होतं ना? आता ही टेप दलालाला नेऊन द्या! काल खिदळत होतात त्याच्याशी, पाहिलंय मी."

"त्याचा रेडिओ द्यायला गेलो होतो. तो म्हणाला, 'भूत आहे असं ठोकून द्या.' मला हसू आवरेना."

"मग हा उसासा कुणाचा?"

तो कानापर्यंत लाल झाला. "...मी."

"अहो, नियम तुमचा! तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचा हात माझ्या हाताखाली होता. तुम्ही काढला नाहीत. तेव्हा 'मी' म्हटलं असतं तर... पुढचंही सांगावं लागलं असतं. तुम्ही मला आवडता, हे."

आत्याला एकाएकी छत फार बघण्यासारखं वाटू लागलं. टेप मात्र चालूच होती. आणि तिच्यातून दुसरा उसासा आला, पहिल्यापेक्षा हलका.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

"माझे फक्त गुडघे," आत्याने हात वर केले.

टाचणी कात्रीशी चाळा करत राहिली. "बाबांचा असेल..."

"दादा उसासे टाकणाऱ्यांतला नव्हता हो," आत्या म्हणाली.

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने कात्री खाली ठेवली, मान वर केली.

"...मी."

"सापडलं एकदाचं भूत!" म्हणत आत्या चहा टाकायला आत गेली. आतून कट्कन् आवाज आला, आणि पाठोपाठ हाक, "मी गं, मी! तुमचं चालू द्या."