उभ्यानं पाहायचं नाटक

घडीची खुर्ची पूर्ण उघडली की तिच्या सांध्यातून एक बारीक 'टक्' येतो. तो आला नाही, तर खुर्ची उघडल्यासारखी दिसते, पण बसणारा पडू शकतो. त्या गॅरेजमधला तरुण प्रत्येक खुर्ची उघडून, बैठकीवर तळहात दाबून, मान किंचित कलती करून तो आवाज ऐकत होता. ऐकू आला, की मगच पुढची खुर्ची.

मला ते आवडलं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये दुपारपासून बर्फ पडत होता, बसचा पत्ता नव्हता, आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या या गॅरेजचं दार उघडं होतं. दारावर हातानं लिहिलेला कागद – 'आज नाटक. आत या.' या गावात अडीच वर्षं राहून मला लॅब, घर आणि किराणा दुकान एवढंच ठाऊक होतं. मी आत गेले. कुणीतरी एकटाच खुर्च्या मांडतोय म्हटल्यावर हातमोजे काढले आणि कामाला लागले. नागपूरला आमच्या विहारात कार्यक्रम असला की जो आधी पोचतो, तो सतरंज्या अंथरतो. त्याला कुणी सांगत नाही, तोही कुणाला विचारत नाही.

"एका रांगेत किती?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"आठ. आणि ती मागची रांग थोडी डावीकडे घे. खांब आड येतोय."

"येस, मॅम."

आम्ही सगळ्या खुर्च्या लावल्या. मी मागे उभी राहून रांगा सरळ आहेत का ते पाहिलं. तेवढ्यात अर्ध्या चेहऱ्याला पांढरा रंग लावलेली एक बाई पडद्यामागून आली आणि थबकलीच.

"हे काय केलंत?"

नाटक फिरतं होतं. प्रेक्षकांनी नटांच्या मागे मागे चालायचं, उभ्यानं पाहायचं. खुर्च्या शेजारच्या चर्चच्या होत्या आणि परत न्यायच्या म्हणून भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

बाई आत गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तू... इथे काम नाही करत?"

"नाही. मला वाटलं, तू करतोस."

"मला वाटलं, तू! केवढ्या ऑथॉरिटीनं खांबाबद्दल बोललीस!" मग खाली वाकून, खुर्ची मिटता मिटता, तो स्वतःशीच मराठीत पुटपुटला, "आईशप्पथ... मंडळाची सवय."

"कुठल्या मंडळाची?" मीही मराठीतच विचारलं.

मिटलेली खुर्ची त्याच्या पायावर पडली.

त्याचं नाव वीर. जन्म मिशिगनचाच, आईबाबा मूळचे ठाण्याचे. लहानपणी दर गणपतीला आणि दर दिवाळीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावायचं काम त्याच्याकडे असायचं. "ॲक्टिंग कधीच दिली नाही यार कुणी मला," तो म्हणाला.

नाटक एका बहीणभावाचं होतं. आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर ते वाटून घेत होते. बहिणीचं काम करणाऱ्या नटीनं मध्येच माझ्या हातात एक लाकडी डाव दिला आणि ती पुढे निघून गेली. मी तो शेवटपर्यंत धरून उभी.

"तुला रोल मिळाला," वीर कानाशी कुजबुजला. "लाइफ इज नॉट फेअर."

बसस्टॉपवर तो जरा घुटमळला. बुटाच्या टोकानं बर्फ उकरत म्हणाला, "पुढच्या शनिवारी एका लाँड्रोमॅटमध्ये नाटक आहे. मशीनमधले कपडे धुऊन होईपर्यंत चालतं."

"कुणाचे कपडे?"

"आपले. घरून आणायचे."

"ओळख झाली नाही तोच मी तुझ्यासमोर कपडे धुऊ?"

त्याचे कान लाल झाले. थंडीनं असतील कदाचित... "फक्त चादरी आणू," तो घाईघाईनं म्हणाला. "मीपण. प्रॉमिस."

मी चादरी नेल्या.

मग शनिवार तसेच ठरत गेले. एकदा त्यानं शोधायचं, एकदा मी. अट एकच – ज्याचं पोस्टर चौकात लागलंय असं काही पाहायचं नाही. लायब्ररीच्या तळघरात कागदी बाहुल्यांचा खेळ पाहिला. एका उभ्या करून ठेवलेल्या जुन्या बसमध्ये गुडघ्याला गुडघे लावून एक भयकथा ऐकली. त्यात मी घाबरले नाही, तो घाबरला. डिअरबर्नच्या एका कॉफीच्या दुकानात तीन म्हाताऱ्यांचं अरबी गाणं ऐकलं. शब्द कळत नव्हते, तरी आमच्या शेजारचा माणूस रडला तेव्हा आम्हीही डोळे पुसले. या गावाला एवढी दारं आहेत हे मला माहीतच नव्हतं.

मार्चमध्ये मी कर्णबधिर विद्यार्थ्यांचं एक नाटक शोधलं. तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात, हात उंच करून हलवायचे असतात. शेवटी मी हात वर केला, त्यानंही केला. खाली आले तेव्हा दोन्ही हात आमच्या खुर्च्यांमधल्या एकाच टेकणावर आले...

आणि कुणीच काढला नाही.

त्याच आठवड्यात मला चँडलरहून मेल आली. ॲरिझोनात चिप बनवणाऱ्या एका कंपनीत, पातळ थरांवरच्या संशोधनाचं काम. इथलं माझं पोस्टडॉक जूनमध्ये संपणार होतं. मी त्यांच्याकडे थोडा वेळ मागितला. मग अजून थोडा.

वीरला गाडीत सांगितलं. त्यानं सिग्नलवर नीट ब्रेक लावला, माझ्याकडे वळला. "वॉव. काँग्रॅट्स! तुला जायचंय?"

"माहीत नाही."

"ओके," तो म्हणाला. एवढंच. सिग्नल हिरवा झाला.

तो शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. बोलताना अडखळणारी मुलं त्याच्याकडे येतात. त्याच्या कामाचा पहिला नियम त्यानं मला कधीतरी सांगितला होता – मुलाचं वाक्य अडलं, तर ते आपण पुरं करायचं नाही. कितीही जिवावर आलं तरी नाही. तेव्हा मला तो नियम फार आवडला होता. आता रागच यायला लागला. 'जाऊ नकोस' म्हणायला काय होतं या माणसाला?

"उपासना, तुझं उत्तर काय लोणच्यासारखं मुरत घातलंस का?" आई फोनवर म्हणाली. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण, बाई."

"विचार करतेय ना, आई."

"कर ना बापा. पण तू काय विचार करतेस, ते त्या पोराला माहीत आहे का?"

"कोणत्या पोराला?"

"ज्याच्यासोबत दर शनिवारी नाटकं पाहतेस, त्याला. मी कुठे काय विचारतेय?"

एप्रिलचा शेवटचा शनिवार आला. चँडलरला सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आता आणखी मुदत नव्हती. नाटक त्यानं शोधलेलं – बाजूच्या इप्सिलँटी गावात, एका जुन्या घराच्या ओसरीवर. नट म्हणजे त्या घरातलेच नवराबायको, दोघंही सत्तरीच्या पुढचे. प्रेक्षक समोरच्या गवतावर. वीरनं हे नाटक गेल्या वर्षीही पाहिलं होतं.

अर्ध्यावर पाऊस आला. म्हातारबुवांनी हातानंच खूण केली, आणि आम्ही सगळे पायऱ्या चढून ओसरीत नटांशेजारी दाटीवाटीनं उभे राहिलो. नाटक थांबलं नाही. म्हातारी माझ्यापासून हातभर अंतरावर होती, तिच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास येत होता. ती नवऱ्याकडे वळली, तोंड उघडलं...

आणि पुढचं वाक्य तिला आठवेना.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. कुणी हललं नाही. माझ्या खांद्याला वीरचा खांदा लागला होता, त्यामुळे तो ताठ झालेला मला कळला. मी वळून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. त्याला ते वाक्य येत होतं! पण त्यानं ओठ घट्ट मिटले. म्हातारी पावसाकडे पाहत राहिली, मग नवऱ्याकडे, आणि मग सावकाश तिनं वाक्य म्हटलं. ओसरीवरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

नाटक संपलं, माणसं छत्र्या शोधायला लागली. आम्ही कठड्यापाशीच उभे राहिलो.

"तुला येत होतं ते."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? बिचारी किती वेळ..."

"तिचं वाक्य होतं, उपासना."

"आणि नसतंच आठवलं तिला, तर?"

"तर उभे राहिलो असतो. पाऊस होताच."

"म्हणून मलाही महिनाभर काही बोलला नाहीस?"

तो कठड्यावरचं पाणी बोटानं पुसत राहिला. "मी रोज शाळेत जाताना गाडीत प्रॅक्टिस करायचो. 'जाऊ नकोस.' प्रॉपर मराठीत. आईकडून चेकपण करून घेतलं."

"आईकडून?" मला हसू आवरेना.

"हसू नकोस. ती म्हणाली, उच्चार करेक्ट आहे, वाक्य राँग आहे. म्हणाली, त्या मुलीला काय हवंय ते आधी कळू दे. मग मी... म्हणजे, आय हॅड नथिंग लेफ्ट टू से. तुला विचारलं असतं, तर माझ्या चेहऱ्यावर उत्तर दिसलं असतं."

"मला चेहरे वाचता येत नाहीत, वीर. मला सांगावं लागतं."

"मलापण," तो हळूच म्हणाला.

पाऊस कमी होत नव्हता. मला एकदम लख्ख कळलं, की मी नोकरीचा विचार करत नव्हतेच. ती मला पहिल्या मेलपासून हवी होती. ते थर, ती यंत्रं, ते काम... त्याबद्दल मनात कधी शंकाच नव्हती. अडलं होतं ते दुसरीकडेच. एखाद्याला त्याच्या गावातून, त्याच्या आईच्या दारातून, त्याच्या शनिवारांतून उठून आपल्याबरोबर यायला सांगायचं – एवढं मोठं मागणं मी आयुष्यात कुणाकडे केलं नव्हतं. म्हणून मी महिनाभर त्यानं 'जाऊ नकोस' म्हणायची वाट पाहत बसले. म्हणजे मला काही मागावंच लागलं नसतं.

"उपासना?"

"थांब. बोलतेय मी."

तो थांबला. त्याचा चेहरा अगदी जवळ होता, पापण्यांवर पाण्याचे थेंब. एकदा सुरुवात केली आणि वाक्य अडलं. पुन्हा श्वास घेतला.

"सोमवारी मी त्यांना हो म्हणणार आहे. मी चँडलरला जातेय." त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण तो मध्ये बोलला नाही. मी त्याचा ओला हात धरला. "आणि तू माझ्याबरोबर यायचंस. तुझ्या शाळेचं वर्ष संपलं की. हे मी विचारत नाहीये... म्हणजे, विचारतेच आहे. पण माझं ठरलंय, वीर. मला तू हवा आहेस."