दोन ठिपक्यांच्या मधे

प्रिंटरमधला कागद मी माझाच समजून उचलला... आणि पुन्हा नीट पाहिला.

सर्किट माझंच होतं. नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रातला फिल्टर – आठ महिने खपले होते मी त्यावर. संगणकावर काढलेला माझा आलेख कसा स्वच्छ होता! या कागदावर मात्र प्रत्येक ठोक्यामागे एक जादा लाट थरथरत होती.

"तो... माझा आहे," मागून कुणीतरी म्हणालं. चाचणी विभागात नुकताच आलेला एमेट कोस्की. बाहेरच्या बर्फानं कान लालबुंद. कागद घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली – गारठलेली.

"माझ्या सर्किटात अशी लाट नाहीये. मी संगणकावर दहादा चालवून पाहिलंय."

"दहाही वेळा तेवढ्याच अंतरानं पाहिलंस, मारिट. संगणक सतत बघत नाही ना... एक ठिपका, मग दुसरा, मधे सरळ रेघ. मी ठिपके शंभरपट जवळ घेतले."

"माझं नाव कसं ठाऊक तुला?"

"सगळ्या मजल्याला ठाऊक आहे."

"सगळ्या मजल्याला?"

"...मला."

हसू येता येता थिजलं. "यंत्रानं ही लाटही ठोका म्हणून मोजली तर?"

"बाळाचे ठोके धोक्याच्या साठवर आले तरी... पडद्यावर नेहमीचे एकशेवीस दिसतील. धोक्याची घंटा वाजणारच नाही."

सव्वादोन वाजले होते. तीनला पहिली सहा यंत्रं डलूथ शहरातल्या रुग्णालयाकडे निघणार होती – माझ्या सहीनं.

मी धावत टेबलाशी गेले, ठिपके जवळ घेऊन पुन्हा चालवलं. एमेट खुर्चीमागे श्वास रोखून उभा. रेघ सरकत गेली... आणि लाट आली. मग दुसरी.

"लिंडग्रेन बाई मला काढून टाकतील." विभागाच्या प्रमुख होत्या त्या.

"मला आधी. मी तर अजून कायमही झालो नाहीये इथे," तो म्हणाला. "चल."

लिंडग्रेन बाईंनी आलेख बराच वेळ पाहिला.

"सही कुणाची?"

"माझी."

त्यांनी फोन उचलला. "गाडी थांबवा. यंत्रं उतरवून घ्या." मग माझ्याकडे वळल्या. "दुरुस्त कर. आणि पुढची सही करण्याआधीच ठिपके जवळ घे."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच बसले. एमेट दोन पायऱ्या सोडून बसला.

"मारिट... हा आलेख मी सोमवारीच काढला होता."

आज गुरुवार होता.

"दाखवला असता तर तू माझं तोंडही पाहिलं नसतंस... आज छापून तुझ्या टेबलावर ठेवून पळणार होतो."

"तीन दिवस, एमेट! मला राग येईल म्हणून? त्या बाळांचं काय झालं असतं?"

"हो. चुकलं माझं." त्यानं एकही सबब सांगितली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता.

मी उठले, चार पायऱ्या उतरलेही. मग थांबले. भीती मलाही ठाऊक होती की – बाईंच्या दारापर्यंत तो सोबत नसता, तर मी गेले असते का?

"यापुढे," मी न वळता म्हणाले, "जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं. कितीही धडधडलं तरी."

मागून तो दोन पायऱ्या उतरला.

"मग... आजचं सांगू?"

"सांग."

"मला तू आवडतेस. आणि मला भयंकर भीती वाटतेय."

"मलाही."

"मलाही म्हणजे... भीती? की –"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"दोन्ही."